वाटेत आधी कोण

लोटलीच्या कोमुनिदादीच्या कचेरीत
संगणक एक, त्यात संसार दोन.

पहिला बेनितो कुलासोंचा.
जोण वाटायचा त्यांचा प्रोग्रॅम मुळात परक्या सिस्टिमवरचा.
आपण विंडोजमध्ये आहोत हे त्याला कळूच देत नाही
असा एक दुभाष्या त्यांनी दाराशी बसवलाय.
तो प्रत्येक वाक्य कानात सांगतो,
डावीकडे कललेली रेघ उजवीकडे कलती करतो,
सी ड्राइव्हला लांबच्या नातेवाइकासारखी
पूर्ण पत्त्यानिशी हाक मारतो.
काम सावकाश चालतं. कुलासोही सावकाशच चालतात.

दुसरा माझा.
मला दुभाष्या नको होता. बांधतानाच एकदा काय ते
भाषांतर करायचं, की प्रोग्रॅम इथला.
मी फोंड्याहून बसने येते.
मलाही लोटलीत कुणी दुभाष्या दिला नव्हता.

दोघांच्या पेटीत हत्यारं त्याच नावांची.
त्यांचा फाइंड, माझा फाइंड.
त्यांचा सॉर्ट, माझा सॉर्ट,
आणि विंडोजचा म्हणून आणखी एक, जुना वतनदार.
नाव घेतलं की ओ कुणी द्यायची
ते एका यादीवर ठरतं. यादीचं नाव पाथ.
वाटेत जो आधी भेटेल तो खरा.

हे या गावाला मी काय सांगायचं?
पहिली सही कुठल्या वांगडाची
यावरून इथे दोन घरं शेजारी राहून
तीन पिढ्या एकमेकांशी बोलली नव्हती.

मार्चात जोणाची यादी काढली.
मी माझा पाथ वर लावलेला, उतरवायला विसरले.
कुलासोंच्या प्रोग्रॅमने सॉर्टला हाक मारली
आणि धावत गेला माझा.
सहावा वांगड पहिला आला.
काही ओळींच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जास्तीचं,
त्यामुळे ते नाव स्वतःहून वेगळं ठरलं:
एकोणीस माणसं दोनदा.
त्यात इनासिन मिनेझिस, पावसात वारलेला,
अजून खोडायचा राहिलेला.

एर्मेलिंदा आली. भिंतीवरच्या कागदावर
दोन ओळींवर दोन बोटं ठेवून तिने विचारलं,
"ह्यांतलो म्हजो खंयचो?"

त्या दिवशी आम्ही भांडलो.
तुझं काढून टाक. तुमचं काढा.
काढणार कुणाचं? नकाशे माझ्यावर, वाटे त्यांच्यावर.
त्यांच्या प्रोग्रॅमला तर मूल जन्माला घालताना
हुबेहूब आईचाच पत्ता लागतो,
आणि त्या पत्त्यावर कधी कधी
माझं काहीतरी आधीच बसलेलं असतं.
मूल दगावतं.
पडद्यावर एक ओळ उमटते, दुखवट्याची नव्हे.

संध्याकाळी कुलासो मला बांधावरून मानशीकडे घेऊन गेले.
भरतीने फळ्या आपोआप मिटत होत्या.
"खारं पाणी वायट न्हय," ते म्हणाले,
"सुंगटां त्यातच." मग बराच वेळ
त्यांनी सुंगटांचे भाव सांगितले.
मला उपमा फारशा आवडत नाहीत.
पण दुसऱ्या दिवशी मी दोन शॉर्टकट केले,
ज्याच्या त्याच्या खिडकीत ज्याची त्याची वाट,
एक उघडी असेतो दुसरी बंद.
नावं त्यांनी दिली: खारें, गोडें.
खारें त्यांनी स्वतःला घेतलं. मी विचारलं नाही.

इनासिनची एक ओळ खोडली,
एर्मेलिंदाला विचारून. "वयलो उरूं दी," म्हणाली.
म्हणून वरचा आहे अजून, नियमात बसत नसून.

आणि एखाद्या दुपारी, कुलासो जेवायला गेले
आणि पंखा एकटाच बोलत असला, की
मी दोन्ही सोडून तिसरीच, कुणाचीच नसलेली
काळी खिडकी उघडते,
एक नाव लिहिते,
आणि बघत बसते
कोण ओ देतं.